नाव डेलचं, चेहरा रॉयचा

आज डेलकडून सही घ्यायचीच, असं व्हर्नाने चर्चमध्ये बसल्या बसल्याच ठरवून टाकलं होतं. घरी आल्यावर मागच्या पायरीवर मक्याची कणसं सोलताना तिने ते बहिणीला सांगितलंही. लोरीनने हातातलं कणीस बादलीत आपटलं.

"पुन्हा? अगं, जन्म गेला तुझा त्या एका सहीपायी. आता तरी सोड माझ्या नवऱ्याला."

"आता सोडलं तर राहूनच जाईल."

"मग राहू दे."

"तुला काय जातंय म्हणायला? सहासष्ट सालचा अख्खा संघ माझ्याकडे सह्यांनिशी आहे. एकच कार्ड कोरं. आणि ते ज्याच्या नावाचं, तो दर ऑगस्टला माझ्याच अंगणात बसून माझंच बटाट्याचं सॅलड दोनदा वाढून घेतो."

"तीनदा," लोरीन म्हणाली, आणि रागातही तिला हसू आलं. पण लगेच ती गंभीर झाली. "व्हर्न, त्याचा हात तू बघितला नाहीस या उन्हाळ्यात."

व्हर्नाने बघितला होता. चर्चच्या पायऱ्यांवर डेलने कठडा धरला तेव्हा त्याचा उजवा हात पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा थडथडत होता. एकेकाळी त्या हाताने टाकलेला चेंडू पकडायला नको म्हणून संघातले अर्धे लोक सरावाला उशिरा यायचे. बघितला होता म्हणून तर तिने आजचा दिवस धरला होता. थांबून हात बरा होणारा नव्हता, हे डॉक्टरने लोरीनला सांगितलं होतं आणि लोरीनने तिला.

कॅल्डर्स लँडिंग गावात व्हर्ना लिंडक्विस्टला ओळखत नाही असा माणूस मिळणं कठीण. गावचा बेसबॉल संघ स्टीमर्स, नदीकाठचं ते लाकडी मैदान, आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला कठड्याशी उभी असलेली व्हर्ना, या तिन्ही गोष्टी लोक एका दमात सांगत. वेण्या घालायच्या वयात ती तिथे उभी राहिली ती अजून उभीच होती. दर उन्हाळ्याला नवी पोरं येत, कुणी टेक्सासहून, कुणी डोमिनिकन बेटावरून, आणि त्यांचं नाव आणि फोटो छापलेली कार्डं घेऊन ती सहीसाठी त्यांची वाट बघे. त्यांतले थोडे वरच्या लीगमध्ये गेले. बाकीच्यांनी ट्रॅक्टर विकले, शाळेत शिकवलं, नाहीतर कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. व्हर्नाला सगळे सारखेच. तिच्या जेवणघरातलं मोठं कपाट बुटांच्या खोक्यांनी भरलेलं होतं आणि खोकी कार्डांनी.

तिचा नियम साधा होता. कार्डावर ज्याचं नाव छापलंय त्यानेच सही करायची, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत. टपालाने आलेली सही तिला चालत नसे. विकत घेतलेली तर नाहीच नाही. एकदा एका जावयाने, म्हणजे धाकट्या मुलीच्या पहिल्या नवऱ्याने, तिच्या वाढदिवसाला एका मोठ्या खेळाडूची सही असलेलं कार्ड आणलं होतं. तिने ते छान हसून घेतलं आणि फ्रीजवर चिकटवलं, कुपनांच्या शेजारी. खोक्यात गेलं नाही. जावई काय समजायचं ते समजला.

या नियमाला एकदाच खीळ बसली, ती सहासष्ट सालच्या कार्डांवर.

त्या साली मॅटिंगर डेअरीने दुधाच्या बाटल्यांबरोबर स्टीमर्सची कार्डं वाटली होती. छापताना डेअरीच्या माणसाने दोन पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, फोटो उलटेपालटे लावले. रॉय लिंडक्विस्टच्या नावावर डेल प्रुइटचा चेहरा आला आणि डेल प्रुइटच्या नावावर रॉयचा. गाव आठवडाभर हसलं. रॉय तर सगळ्यात जास्त हसला. कठड्याशी व्हर्नाने ते कार्ड पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, "पोरी, चेहरा उसना आहे, पण नाव माझ्या बापाचं आहे," आणि फोटोतल्या डेलच्या छातीवर झोकात सही ठोकून मोकळा झाला. दोन वर्षांनी त्याच रॉयशी तिचं लग्न झालं. डेलने मात्र कार्डाकडे पाहिलं, मान हलवली आणि तो पुढे गेला. पुढे त्याचं लग्न लोरीनशी झालं, तो घरचा झाला, तरी ती मान तशीच हलत राहिली. घरातले म्हणत, डेलला अभिमान नडतो. व्हर्नाही तसंच धरून चालली होती.

रॉय जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

*

दुपारी सगळे मेपलखालच्या लांब टेबलाभोवती बसले. सॉसेज भाजल्याचा धूर नदीच्या वाऱ्याने शेजारच्या कपड्यांवर जात होता, आणि शेजारीण खिडकीतून बघत होती. व्हर्नाचा मुलगा कर्टिस शेगडीशी होता. डेल आणि लोरीनची मुलगी ग्वेन सीडर रॅपिड्सहून गाडी हाकत आली होती. ती तिकडे शाळेची बस चालवायची आणि बोलायचीही तशीच, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी.

डेल टेबलाच्या टोकाला बसला होता. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता आणि डाव्याने जेवत होता.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा व्हर्नाने ॲप्रनच्या खिशातून ते कार्ड काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. वर पेन ठेवलं.

"डेल," ती म्हणाली, "ह्यावर सही कर."



"आई!" कर्टिस चिमटा हातात घेऊनच आला. "काय चाललंय तुझं? काकांना नीट जेवू तरी दे."

"जेवू दे की. मी काय घास काढून घेतला त्याचा?"

"मावशी, खरंच पुरे," ग्वेन म्हणाली. "बाबांचा हात बघ ना जरा. आता चर्चच्या देणगीच्या पाकिटावरसुद्धा आईच सही करते. तू मुद्दाम त्यांना कानकोंडं करतेस."

"ग्वेन," डेल म्हणाला, "मी इथेच बसलोय. माझा हात गेलाय, कान नाही."

"तेच म्हणतेय मी," व्हर्ना म्हणाली. "सगळे त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी त्याच्याशी बोलतेय. डेल, करतोस का नाही?"

"नाही."

"का?"

"ते माझं कार्ड नाही."

"नाव तुझं आहे."

"चेहरा रॉयचा आहे."

हे दोघांचं ठरलेलं भांडण होतं. इतक्या वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की घरातल्या कुणालाही दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. एरवी इथे हसणं व्हायचं, कुणीतरी केक कापायला घ्यायचं आणि विषय संपायचा. आज कुणी हसलं नाही. कर्टिसने चिमटा टेबलावर ठेवला. ग्वेनने समजुतीचा सूर काढला.

"असं करू या का? माझ्याकडे दोघांचे फोटो आहेत. मी कॉम्प्युटरवर नवीन कार्डं छापून आणते. बाबांच्या नावावर बाबा, रॉयकाकांच्या नावावर रॉयकाका. त्यावर बाबा सही करतील. मिटलं!"

"मॅटिंगरने छापलं ते कार्ड," व्हर्ना म्हणाली. "तू छापशील ते चित्र. चुकलेलं असलं तरी कार्ड ते कार्डच."

"हट्टी आहेस तू."

"आहेच."

"आणि तुम्ही दोघं तिला हट्ट करू देता," ग्वेन आईकडे वळली. "आई, तू तरी सांग ना मावशीला."

व्हर्नाला वाटलं, आता लोरीन उठणार, कार्ड आपल्याला परत देणार आणि म्हणणार, बस झालं. लोरीन उठलीही. पण ती व्हर्नाकडे वळलीच नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं सांगत आले, त्याला छळू नका, त्याला छळू नका. आणि कशासाठी? मला तरी कुठे माहीत आहे? डेल, तू मला कधी सांगितलंयस का, का नाही म्हणतोस ते? चेहरा रॉयचा, चेहरा रॉयचा! रॉय तुझा मित्र होता. त्याची शवपेटी तू खांद्यावर घेतलीस. त्याच्या चेहऱ्याचं एवढं काय वाकडं आहे?"

"वाकडं काही नाही."

"मग सांग."

डेलने डाव्या हातातला काटा खाली ठेवला. व्हर्नाने त्याला हटकलं नाही. कठड्याशी उभं राहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. जो खेळाडू थबकला, त्याला पुन्हा हाक मारायची नसते. मारली की तो निघून जातो.

"माझ्या आईला वाचता येत नव्हतं," डेल म्हणाला.

ग्वेनने वर पाहिलं. आजीबद्दल तिने बापाच्या तोंडून फारसं ऐकलेलं नव्हतं.

"आर्कान्सोत आमच्या गावात कुणालाच फारसं येत नव्हतं. मी पिचर झालो, पगार मिळतो, कपडे देतात, हे तिला खरंच वाटत नव्हतं. तिला वाटायचं, पोरगं कुठेतरी रस्ते खणतंय आणि थापा मारतंय. मग डेअरीची कार्डं आली. मी पाहिलंसुद्धा नाही नीट. गठ्ठ्यातून नाव बघून माझं काढलं आणि त्याच दुपारी तिला टपालाने पाठवून दिलं. संध्याकाळी रॉय हसत आला तेव्हा कळलं."

तो थांबला. डाव्या हाताने त्याने पाण्याचा पेला थोडा लांब सरकवला.

"तिला नाव कुठलं वाचता येणार? तिच्यासाठी त्या कार्डावर चेहराच होता. माझे कपडे, माझी टोपी, आणि आत दुसराच पोरगा. ती चालत दुकानापर्यंत गेली, तिथे टेलिफोन होता. आणि मैदानाच्या ऑफिसात फोन लावून तिने विचारलं, माझ्या मुलाचं काय झालं? त्याच्या जागी हा कोण उभा केलाय?"

"अरे देवा," लोरीन म्हणाली आणि खाली बसली.

"तिला वाटलं मी मेलो. आणि हे लोक सांगायला घाबरतायत."

"पण तुम्ही बोललात ना तिच्याशी?" ग्वेनने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत गेला नाही.

"आम्ही गाडीने पिओरियाला गेलेलो, सामन्याला. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा निरोप मिळाला. मी फोन केला, बोललो. तिने ऐकलं, पण तिला फोनवरचा आवाज काही पटला नाही. म्हणाली, तोंड दाखव. मोसम चालू होता, मालकाने सोडलं नाही. मग मी दुसरं कार्ड पाठवलं. रॉयच्या नावाचं, माझ्या चेहऱ्याचं. ते पोचायच्या आधी ती गेली. मी घरी गेलो तेव्हा पाकीट फळीवर होतं. बंद."

शेगडीवर काहीतरी करपत होतं. कुणी उठलं नाही.

व्हर्नाने टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं. टोपी मागे सरकवलेला, डोळे बारीक केलेला तिचा रॉय त्या कार्डात उन्हात उभा होता. तिला तो चेहरा नेहमी हसवायचा. डेलला तिथे काय दिसत आलं होतं, ते तिला आता दिसलं. पण तिने कार्ड उचलून खिशात टाकलं नाही आणि माफीही मागितली नाही. माफी मागितली असती तर डेल "असू दे" म्हणाला असता, आणि सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं.

"म्हणजे ह्यावर तू सही करणार नाहीस," ती म्हणाली.

"ह्यावर नाही." डेलने मांडीखालचा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तो थडथडत होता. सगळ्यांना दिसेल असा त्याने तो ठेवला. "पण दुसरं आहे ना तुझ्याकडे? रॉयने सही केलेलं. त्यावर करीन. तिथे मी आहे."

*

"नाही," कर्टिस म्हणाला.

तो इतका पटकन बोलला की सगळे त्याच्याकडे बघायला लागले. धान्याच्या कोठारावर तीस माणसं हाताखाली असलेला, हळू आणि मोजकं बोलणारा कर्टिस लाल झाला होता.

"काका, मला तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. मनापासून सांगतो. पण ती बाबांची सही आहे. आईला दिलेली पहिली. त्यावर दुसरं नाव पडलं, आणि त्यातून हात हलला, तर काय राहील?"

"आत्ता तूच म्हणत होतास, काकांना त्रास देऊ नका!" ग्वेन उसळली. "आता ते स्वतःहून सही करतायत तर तू अडवतोस?"

"तू म्हणत होतीस हात बघा!"

"मी बघतेच आहे हात! म्हणून म्हणतेय, आज करू दे!"

"ग्वेन, ते कार्ड बिघडेल!"

"बिघडू दे की! खोक्यातच तर असतं!"

थोड्या वेळापूर्वी दोघं मिळून व्हर्नाला गप्प करायला बघत होती. आता टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांवर बोटं रोखून उभी होती. लोरीन मध्ये बसून दोघांनाही "खाली बसा" म्हणत होती आणि दोघंही बसत नव्हती. व्हर्ना उठली. कुणाचं लक्ष जायच्या आत ती जाळीचं दार ढकलून आत गेली.

सहासष्टचं खोकं तिला शोधावं लागलं नाही. कपाटासमोर ती कार्ड हातात घेऊन जराशी थांबली. कर्टिस चुकीचं काही बोलत नव्हता. पुऱ्या झालेल्या कार्डावर दुसरं नाव पडलं की ते कार्ड गेलं, हे कुठलाही संग्राहक सांगेल. ती स्वतः कुणालाही हेच सांगायची. शिवाय नाव रॉयचं छापलेलं. तिच्या नियमाप्रमाणे तिथे डेलने पेन टेकवायचंच नव्हतं. रॉयची सही तिने प्लास्टिकवरून अंगठ्याने चाचपली. एवढ्या वर्षांत शाई थोडी तपकिरी झाली होती. रॉयच्या आवाजाचं तिच्याकडे काही नव्हतं, उसन्या चेहऱ्याचं ते थट्टेतलं वाक्य तेवढं होतं, आणि ते ह्या सहीकडे बघितलं की तिला ऐकू यायचं.

नियम कशासाठी केला होता? खोटी सही घरात येऊ नये म्हणून. बाहेर बसलेल्या माणसात खोटं काही नव्हतं.

तिने कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढलं.

बाहेर येऊन तिने डेलसमोरचं ताट बाजूला केलं, टेबलावरचं मेणकापड ॲप्रनने कोरडं पुसलं आणि कार्ड ठेवलं.

"आई, एकदा विचार कर," कर्टिस म्हणाला.

"केला. कार्ड माझं आहे, नवरा माझा होता आणि टेबलही माझं आहे. तिन्हीचं मी ठरवीन. तू जा, ते सॉसेज बघ, कोळसा झालाय त्यांचा."

कर्टिस गेला नाही. पण त्याने तोंड मिटलं, आणि थोड्या वेळाने टेबलाला वळसा घालून तो डेलच्या मागे येऊन उभा राहिला, उन्हाच्या बाजूला. कार्डावर त्याची सावली पडली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो एक पाऊल सरकला.

डेलने पेन घेतलं. टोक कार्डाच्या वर हवेतच नाचायला लागलं. लोरीनचा हात आपोआप पुढे आला, त्याचं मनगट धरायला.

"धरू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तू धरलंस तर ती त्याची सही होणार नाही."

"व्हर्न, अगं पण..."

"त्याला येते. बघ."

तिने स्वतः कार्डाच्या दोन कडा दोन बोटांनी दाबून धरल्या, तेवढंच. डेलने कोपर टेबलावर रोवलं. त्याने पेन टेकवण्याची घाई केली नाही. हाताचं थडथडणं येत होतं आणि थोडं ओसरत होतं, पुन्हा येत होतं. तो त्याकडे बघत बसला, जसा पूर्वी बेसवरचा धावपटू पुढच्या बेसकडे पळायच्या बेतात असताना चेंडू न टाकता बघत उभा राहायचा, आणि प्रेक्षक ओरडले तरी ढिम्म हलायचा नाही. मग एकदा ओसरलं त्या क्षणी त्याने पेन खाली आणलं.

नावाचं पहिलं अक्षर मोठं आलं, वाकडं, पण आलं. पुढची तीन एकमेकांना धरून. तो थांबला. श्वास घेतला. आडनाव त्याने दोन दमांत लिहिलं. शेवटच्या अक्षराची आडवी रेघ मारताना हात सुटला, रेघ घसरत गेली आणि रॉयच्या सहीच्या शेपटीतून आरपार निघाली.

कर्टिसने दातांतून श्वास आत ओढला.

"बिघडवलं मी," डेल म्हणाला.

व्हर्नाने कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं. कठड्याशी ती प्रत्येक सही जशी बघायची तशीच तिने ही बघितली. शाई बसली आहे का, पेन मध्येच कोरडं पडलं नाही ना, एखादं अक्षर गिळलं नाही ना. छापलेलं नाव रॉयचं, तरुण चेहरा डेलचा, खाली तपकिरी शाईत रॉय, आणि त्याच्यावर काळ्या शाईत, अंगावर काटे आल्यासारखा, डेल.

"सगळी अक्षरं आहेत," ती म्हणाली.

तिने ते कार्ड लोरीनकडे दिलं. लोरीनने ते ग्वेनकडे दिलं नाही, बराच वेळ स्वतःजवळच धरलं. "कान किती मोठे होते रे तुझे," ती शेवटी म्हणाली, आणि डोळे पुसले. ग्वेनने ते तिच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि कर्टिसच्या नाकासमोर धरलं. कर्टिस ते हातात न घेता वाकून बघत राहिला. मग त्याने डेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेगडीकडे गेला.

डेल पाठ टेकून बसला. हात पुन्हा मांडीखाली घालायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो टेबलावर उघडा थडथडत होता.

"मग?" त्याने व्हर्नाला विचारलं. "झाला का तुझा संच पुरा?"

व्हर्नाने ते पहिलं कार्ड, रॉयच्या चेहऱ्याचं, मेणकापडावरून उचललं. उलटसुलट करून पाहिलं.

"कुठे झाला? हे अजून कोरंच आहे."

"ते कोरंच राहणार."

"पुढच्या ऑगस्टला विचारीन."

"विचार," डेल म्हणाला. त्याने पेन तिच्याकडे सरकवलं. "पण पेन जरा जाडसर आण. हे हातात टिकत नाही."